जिन्यातला वास

ओळखपत्र मागितलं तेव्हा त्यानं ते दिलं. यात विशेष काहीच नव्हतं. गेल्या एकोणीस दिवसांत अकरा हॉटेलांच्या फळीवर त्यानं ते ठेवलं होतं आणि फळीपलीकडच्या माणसांनी आकडा उतरवून, नावाकडे ढुंकूनही न बघता परत सरकवलं होतं. इटलीच्या दक्षिणेतल्या पोतेन्झामधल्या या बाईनं मात्र चष्मा कपाळावरून नाकावर आणला, ओळखपत्र उजेडात धरलं आणि मोठ्यानं वाचलं, "दोनातो तेलेस्का." मग मान वर करून, घरच्या पोराला विचारावं तसं विचारलं, "कुणाचे तुम्ही?"

"तोरिनोचा," त्यानं उत्तरेतलं आपलं शहर सांगितलं.

"गाव नाही विचारलं. कुणाचे म्हणते मी. जन्म पोतेन्झा लिहिलंय इथं. तेलेस्कांची चार घरं आहेत या चढावर. त्यांतले कुठले?"

"फार लहानपणी गेलो. माहीत नाही."

"कुणाचे ते माहीत नाही?" बाईनं चष्मा काढला. तिला राग आला नव्हता, तिला त्याची कीव आली होती, आणि ते त्याला जास्त लागलं.

मागं मार्त्सिओ उभा होता, दोन्ही खांद्यांवर कॅमेऱ्यांच्या पिशव्या. मार्त्सिओ बोलोन्याचा, म्हणजे तोंडाला कुलूप नसलेला. दहा वर्षं तो याच्या लेखांसाठी ताटांचे फोटो काढत होता आणि दहा वर्षं याला दीनो वालपेर्गा म्हणत होता, कारण लेखांवर तेच नाव असायचं आणि खासगीतही यानं दुसरं कधी सांगितलं नव्हतं. "दोनातो," मार्त्सिओनं शब्द जिभेवर घोळवला. "अरे वा. मी समजत होतो एका उत्तरेकडच्या सरदाराबरोबर हिंडतोय. हा तर आपला दोनातो निघाला. वालपेर्गा कोण मग? भाड्यानं आणलास?"

"लेखापुरतं नाव आहे ते."

"आणि माणूस? तोही लेखापुरताच?"

तो हसला. हसणं भाग होतं. पण छातीत कुठंतरी एक बारीकसं काही निसटलं होतं, सदऱ्याचं बटण तुटावं आणि दिवसभर हात तिथंच जात राहावा तसं. हा सगळा प्रवासच मुळात त्यानं असा आखला होता की हे गाव शेवटी यावं, आणि दमल्याच्या सबबीवर अर्ध्या पानात उरकावं. पुस्तकाचं काम होतं: सगळ्या प्रांतांची ताटं शेजारी शेजारी ठेवायची आणि तोलायची. तोलणं ही त्याची ख्याती होती. लोण्याचा प्रदेश कुठं संपतो नि तेलाचा कुठं सुरू होतो, हे तो डोळे मिटून सांगायचा. बोलोन्याच्या अंड्याच्या पिवळ्याजर्द पास्त्याला त्यानं श्रीमंत विधवेचा थाट म्हटलं होतं आणि मार्त्सिओ दोन दिवस त्याच्याशी बोलला नव्हता. तोस्कानाचा बिनमिठाचा पाव हा पाव नसून हट्ट आहे, नापोलीवाले टोमॅटोत आपलं सगळं झाकतात, रोमवाल्यांना मेंढीचं चीज आणि डुकराचा गाल याखेरीज देवानं काही दिलंच नाही, असं तो लिहायचा आणि लोक चवीनं वाचायचे. त्याचं एक वाक्य तर फार गाजलं होतं. उत्तर स्वयंपाक करते, दक्षिण पोट भरते. ते वाक्य लिहून झालं त्या दिवशी तो स्वतःवर खूश होता. आईनंही तो लेख कापून ठेवला होता. ती गेल्यावर खणात सापडला; नीट चौपदरी घडी घातलेला, वर पिन लावलेला. त्यानं तेव्हा तो आईच्या अभिमानाचा पुरावा मानला होता.

बाईचं नाव इंकोरोनाता. सामान खोलीत टाकून दोघं खाली आले तेव्हा जेवणघरातल्या खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या होत्या. "आज पाहुण्यांचा स्वयंपाक नाही," ती आतूनच म्हणाली. "वरच्या मजल्यावरच्या कानिओनं आज पहाटे डोळे मिटले. त्याची बायको रोक्कीना एकटी पडली. तिच्यासाठी करतेय. उरेल ते तुम्ही खा, नाहीतर रस्त्यावरच्या सरकत्या जिन्यानं खालच्या गावात उतरा, तिथं पिझ्झे मिळतात."

"वरती नातेवाईक करतील की," मार्त्सिओ म्हणाला.

"वरती शेगडी कशी पेटेल? मयताच्या घरात तीन दिवस शेगडी पेटत नाही. तुमच्या बोलोन्यात काय करता?"

"आम्ही फुलं पाठवतो."

"फुलं खातात का तुमच्याकडे?"

मार्त्सिओ खदखदून हसला आणि लगेच कॅमेरा काढू लागला, कारण ओट्यावर परातीत पीठ मळलेलं होतं, पाणी आणि रव्याचं, अंडं नसलेलं, आणि खिडकीतून त्यावर तिरकं ऊन पडलं होतं. तो मात्र दारातच उभा राहिला. स्वयंपाकघरात तेल तापत होतं. इंकोरोनातानं खुंटीवरची वाळलेल्या लाल मिरच्यांची माळ उतरवली, दोन मिरच्या तेलात सोडल्या, डोळ्याचं पातं लवायच्या आत बाहेर काढल्या आणि ताटलीत टाकल्या. ताटलीत त्या काचेसारख्या वाजल्या. तो आवाज त्याच्या कानात नाही, दातांत गेला. बेचाळीस वर्षं त्यानं तो ऐकला नव्हता. "उभे काय राहिलात? बसा आणि हे कुस्करा," असं म्हणत तिनं त्याच्यापुढं शिळ्या पावाचा अर्धा तुकडा ठेवला. त्यानं बसून तो हातात घेतला, आणि त्याच्या बोटांनी त्याला न विचारताच कडा वेगळी केली, आतला गर तळहातांत घेतला आणि मोहरीएवढा बारीक चुरा पाडायला सुरुवात केली. इंकोरोनातानं एकदा त्याच्या हातांकडे पाहिलं, एकदा तोंडाकडे. 

पावाचा चुरा तेलात परतून पास्त्यावर घालायचा, चीज परवडत नाही म्हणून. त्यानं यावर दोन ओळी लिहून ठेवल्याही होत्या, घरी बसून, इथं यायच्या आधीच: दारिद्र्याला चव आहे असं म्हणण्याची फॅशन आली आहे, वगैरे. आता त्याच चुऱ्याचा वास भांड्यातून वर आला, पाव खमंग होताना येतो तो गोडसर, किंचित जळका, आणि त्या वासाबरोबर तोरिनोतला जिना आला. दगडी, पाच वळणांचा, भिंतींना सदा ओल. खाली बोस्सोत्तो बाई राहायची, घरमालकीण. तेव्हा तोरिनोत दारांवर सरळ पाट्या असत, दक्षिणेकडच्यांना जागा मिळणार नाही म्हणून. बोस्सोत्तो बाईच्या दारावर पाटी नव्हती, हे तिचे उपकार. तिची एकच अट होती: जिन्यात वास येता कामा नये. तळणाचा नाही, मिरचीचा नाही, लसणाचा नाही. "तुम्ही लोक काय खाता ते तुमच्या पोटाला माहीत असू दे, माझ्या जिन्याला नको," असं ती हसतच म्हणायची. बाप कारखान्याच्या भट्टीवर जायचा आणि आई खिडकीतून अर्धी बाहेर वाकून मिरच्या तळायची, एका हातानं भांडं, दुसऱ्या हातानं फडक्यानं वारा घालत. ते बघून त्याला हसू यायचं. पुढं शाळेत जायला लागल्यावर लाज वाटायला लागली. सदऱ्याला वास येतो, असं वर्गातली पोरं म्हणायची. तो सकाळी सदरा गॅलरीतल्या तारेवर झटकायचा, मग नाकाशी धरून बघायचा, मग पुन्हा झटकायचा.

बाप गेला तेव्हा तो बारा वर्षांचा होता. न्यूमोनिया, चार दिवसांत सगळं आटोपलं. स्मशानातून आल्यावर आईनं शेगडी पुसली, तिच्यावर पांढरं फडकं घातलं आणि दाराकडे तोंड करून खुर्चीवर बसली. त्याला वाटलं दमली असेल. संध्याकाळ झाली तरी उठेना. त्यानं फडताळातला पाव खाल्ला. दुसऱ्या दिवशीही तसंच. तो विचारायचा, "आई, काही करत का नाहीस?" ती म्हणायची, "येतील आता." "कोण येतील?" "येतात." आईचं डोकं फिरलं, अशी त्याची खात्री झाली. तिला कुणीतरी सांगायला हवं होतं की बाई, तोरिनोतल्या शेजारणींना हे ठाऊक नाही, त्या दार लोटून घेतात आणि याला आब राखणं म्हणतात. बोस्सोत्तो बाईनं दुसऱ्या दिवशी काळी कडा असलेलं कार्ड दाराखालून सरकवलं होतं. आईनं ते उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि पुन्हा खुर्चीवर बसली. भुकेपेक्षा त्याला तिच्या त्या बसण्याचीच भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षाही राग येत होता. हे आता कबूल करायला हरकत नाही. त्याला आईचा राग येत होता.

"पहिला दिवस माझा," इंकोरोनाता मार्त्सिओला सांगत होती. "उद्या समोरची. परवा रोक्कीनाची चुलत जाऊ. पाळ्या लागलेल्या असतात. एक वेळसुद्धा चुकून चालत नाही."

"चुकली तर?"

"तर ती बाई काय समजेल? की आपलं इथं कुणी नाही."

"आणि कुणीच आलं नाही," तो मधेच म्हणाला, "असं समजा. तिन्ही दिवस."

इंकोरोनातानं झाकण भांड्यावर ठेवलं. "येतंच कुणीतरी."

"समजा नाही आलं."

"मग उठायचं आणि आपली आपण शेगडी पेटवायची. दुसरं काय करणार? पण मग ती बाई त्या गावाची राहत नाही. देहानं राहत असेल. आम्ही म्हणतो, जिनं दुखवट्यात आपल्या हातानं शेगडी पेटवली तिनं दोन मयतं पाहिली."

त्यानं चुऱ्याचे हात झटकले. झटकल्यावर नाकाशी नेले, जुन्या सवयीनं, आणि ते मार्त्सिओनं पाहिलं.

भांडं तयार झालं तेव्हा इंकोरोनातानं ते पांढऱ्या फडक्यात बांधलं, वर गाठ मारली आणि त्याच्यापुढं धरलं. "चौथा मजला, उजवं दार. माझा गुडघा दुसऱ्या मजल्यापर्यंतच माझा आहे, तिथनं पुढं डॉक्टरचा. जाल का?" ती त्याला विचारत नव्हती. मार्त्सिओ पटकन म्हणाला, "जाईल की, तेलेस्का आहे तो." आणि भांडं त्याच्या हातात आलं, गरम, जड, फडक्यातून वाफ सोडणारं.

जिना दगडी नव्हता; भूकंपानंतर बांधलेल्या इमारतीचा, सिमेंटचा, लोखंडी कठड्याचा. तरी पहिल्या वळणावरच त्यानं खाली वळून पाहिलं, कुणाचं दार उघडतंय का म्हणून. वास त्याच्या पुढं पुढं चालला होता. मार्त्सिओ मागून येत होता आणि त्याची बडबड चालूच होती, की पुस्तकाचा शेवट याच फोटोवर करू, दीनो वालपेर्गा दुखवट्याचं जेवण पोचवताना, काय वाक्य सुचतंय बघ. "कॅमेरा खाली ठेव," तो म्हणाला. "का रे, एकच काढतो." आणि मग दुसऱ्या नि तिसऱ्या मजल्यामध्ये याचा आवाज चढला. "आपण असल्या भानगडीत पडायचंच कशाला? दारात ठेवू नि फिरू. मी यांचा कुणी लागत नाही." मार्त्सिओ थांबला. त्यानं कॅमेरा पिशवीत टाकला आणि माघारी वळून जिना उतरून गेला. भांडं घेऊन तो एकटा राहिला. हेच आपण पूर्वी, दुसऱ्या शब्दांत, म्हटलेलं आहे, हे त्याला तिथं, कठड्याला टेकून, हात भाजत असताना आठवलं. आठवलं म्हणणं खोटं आहे. ते तो कधी विसरला नव्हता. फक्त त्याच्यावर फडकं घातलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं होतं. आई उठायच्या आत तो धावला, कारण दार वाजायच्या आधीच त्याला वास आला होता. दारात काळ्या शालीतली एक बाई, हातात फडक्यात बांधलेलं भांडं. तोरिनोच्या दुसऱ्या टोकाला नदीकाठी बराकी होत्या, तिथं दक्षिणेकडची माणसं राहत. तिथपासून ती पायी आली असणार, कारण असलं भांडं घेऊन ट्राममध्ये चढायची तिची हिंमत झाली नसती. धाप लागलेली. "आज कळलं रे," ती म्हणाली. "मी मेंगामावशी. आई कुठाय?" खालच्या मजल्यावर बोस्सोत्तो बाईचं दार करकरलं होतं. सगळा जिना मिरचीच्या नि चुऱ्याच्या वासानं भरला होता. आता सामान बाहेर, एवढं एकच त्याच्या डोक्यात आलं; आणि सदरा, आणि शाळा. शाळेत शिकलेल्या स्वच्छ भाषेत तो म्हणाला, "आम्हाला नको. आमच्यात असलं नसतं." बाई त्याच्याकडे बघत राहिली. तिला वाटलं असेल पोर उपचार म्हणून नको म्हणतंय. दुखवट्याच्या घरानं आधी नको म्हणायचं असतं आणि आणणाऱ्यानं आत शिरायचं असतं. ती पुढं झाली. त्यानं दार अर्धं लोटलं. तेव्हा तिनं आईचं नाव घेऊन विचारलं, "वितुच्चाचा ना रे तू?" आणि तो म्हणाला, "नाही."

ती भांडं घेऊन उतरत गेली. पाच वळणं. भरलं भांडं परत नेणारी बाई कशी चालते हे त्यानं वरून पाहिलं. आत आला तेव्हा आई तशीच बसलेली. "कोण होतं?" तिनं विचारलं. "कुणी नाही. चुकून आलं होतं." आई म्हणाली, "बरं." मग ती उठली, शेगडीवरचं फडकं काढलं, घडी घालून ठेवलं, आणि शेगडी पेटवली. बोस्सोत्तो बाईकडून वाटीभर लोणी आणून तिनं भात केला, तोरिनोवाले करतात तसा. त्या दिवसानंतर घरात मिरची तळली गेली नाही. पुढं आई बोस्सोत्तो बाईकडून मांसाचं सारण भरलेला पास्ता शिकली, इतका की बोस्सोत्तो बाई लोकांना सांगायची, आमच्या वितुच्चाचा हात बघा. त्यानं आपला पहिला लेख त्या लोण्याच्या भातावर लिहिला. माझी आई लोण्याच्या हाताची होती, असं त्याचं पहिलं वाक्य होतं. आई भानावर आली ती त्या तिसऱ्या दिवशी, अशीच गोष्ट त्यानं आयुष्यभर स्वतःला सांगितली होती. तिला बिचारीला शेवटपर्यंत काही कळलं नाही, एवढं एकच पाप त्याच्या खात्यावर होतं आणि त्याच्यासकट तो बरा जगत होता.

चौथ्या मजल्यावर उजव्या दाराशी तो पोचला. दार वाजवायला हात मोकळा नव्हता. भांडं गुडघ्यावर टेकवावं म्हणून तो वाकला, तेवढ्यात दार आपोआप उघडलं. आत एक ठेंगणी, वाळलेली म्हातारी उभी होती, डोळे कोरडे.

"या," ती म्हणाली. "चुऱ्याचा वास दुसऱ्या मजल्यापासनं येतोय. म्हटलं इंकोरोनाताचं आलं."

त्यानं भांडं पुढं केलं.

"आणि तुमचं बोलणंही आलं," रोक्कीना म्हणाली. तिच्या बोलण्यात ठपका नव्हता. "कुणी लागत नाही म्हणालात ते. असू दे हो. माणूस चिडतं. जिन्यात बोललेलं सगळं वर येतं, दार लावलेलं असलं तरी. इथं बसून कानाला नि नाकाला दुसरं काम काय आहे?"

तिनं भांडं घेतलं आणि आत नेलं. तो उंबऱ्यातच राहिला. आतली शेगडी त्याला दिसत होती, पुसलेली, वर फडकं. तिच्यासमोर दाराकडे तोंड केलेली खुर्ची. खुर्चीपासून दारापर्यंत त्यानं नजरेनं पावलं मोजली. सहा होती. तोरिनोच्या खोलीत तीन होती. तीन पावलांवर आई बसली होती, तीन दिवसांची उपाशी, नाक आणि कान जिन्याला लावून. वास दुसऱ्या वळणावर आला असेल तेव्हाच ती सावरून बसली असेल. मेंगाचा आवाज तिनं ओळखला असेल. आपलं नाव कुणीतरी आपल्या भाषेत उच्चारलं, ते तिनं ऐकलं असेल, आणि त्यावर पोरानं काय उत्तर दिलं तेही. आणि मग तिनं विचारलं होतं, कोण होतं? तिला ठाऊक असताना विचारलं होतं. त्याला एक संधी दिली होती तिनं, आणि तो म्हणाला होता, कुणी नाही. त्यानंतर चौतीस वर्षं ती त्याला लोण्याचं करून वाढत होती, आणि तो चव घेऊन शाबासकी देत होता.

 रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण ते आलं नाही. फक्त तोंडात कसलीशी चव आली आणि तिची तुलना कशाशी करता येईना.

"आत या की," रोक्कीना म्हणाली. "आणणाऱ्यानं बसून दोन घास खायचे असतात, नाहीतर घरातलीनं कसं खायचं?" तो आत गेला. तिनं फडक्याची गाठ सोडली, झाकण उचललं, वाफ वर आली. मग तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कुणाचे?"

"वितुच्चाचा," तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला, दार उघडं होतं आणि जिन्यात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

म्हातारीनं आठवून पाहिलं. मनापासून आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या. "कुठली वितुच्चा? मला नाही बाई आठवत."

"तोरिनोला गेलेली. तेलेस्कांची."

"गेलेल्या फार," रोक्कीना म्हणाली. "परत आली का ती कधी?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि त्याच्यासाठी ताट घ्यायला उठली.